हंगामाचा पैसा आणि विश्वासू कारभार : प्रस्तावना

वऱ्हाडात पैसा महिन्याच्या एक तारखेला येत नाही. मृगात पेरणी होते, दसरा-दिवाळीच्या सुमारास पऱ्हाटीची पहिली वेचणी निघते आणि उलंगवाडी होईपर्यंत जे काही घरात येते, त्यावर पुढचे अख्खे वर्ष काढायचे असते. तो पैसा येण्याआधीच त्यावर अनेकांची नावे लागलेली असतात. कृषी केंद्राची उधारी, सोसायटीचे कर्ज, मुलाची अमरावतीच्या कॉलेजातली फी, सालदाराचे राहिलेले पैसे, घरात ठरलेले लग्न. अकोल्याच्या बाजारात गाडी खाली करून चुकारा घेऊन निघालेल्या कास्तकाराचे निम्मे पैसे घरी पोहोचेपर्यंत मनातल्या मनात वाटून झालेले असतात. ख्रिस्ती माणसाने पैशाचा कारभार कसा करावा आणि देवाच्या कामासाठी काय द्यावे, हा प्रश्न या भागात विचारायचा असेल तर तो याच माणसाला समोर बसवून विचारायला हवा.

दानाविषयीचा बराचसा उपदेश पगारदाराला डोळ्यांपुढे ठेवून केलेला असतो. महिन्याला इतके मिळाले, त्याचा दहावा भाग काढा, पाकिटात घाला, पाकिटावर नाव लिहा. शिक्षक, परिचारिका, रेल्वेत नोकरी करणारे यांना हे जमते, आणि आपल्या मंडळ्यांत अशी माणसे पुष्कळ आहेत. पण त्याच बाकावर शेजारी बसलेली, दुसऱ्याच्या वावरात वेचणीला जाणारी बाई किलोवर मजुरी घेते. तिच्या शेजारी बसलेल्या कोरडवाहू शेतकऱ्याला पाऊस दडी मारून बसला तर वर्षाकाठी उत्पन्नाऐवजी कर्जच मोजावे लागते. अमरावती, अकोला आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या मंडळ्यांनी एकत्र बसून वाचावे म्हणून तयार झालेल्या या अभ्यासपुस्तिकेत या सगळ्यांना एकाच मापाने मोजलेले नाही. म्हणूनच ती मला मोलाची वाटते. कारभारातला विश्वासूपणा रकमेवरून कळत नाही, हिशेबावरून कळतो, आणि हा हिशेब देणाऱ्याइतकाच घेणाऱ्या मंडळीनेही द्यायचा असतो. पुढची पाने वाचण्यापूर्वी माझे हे एवढेच म्हणणे वाचकाने ऐकून घ्यावे.

मुळापासून सुरुवात करतो. वऱ्हाडातल्या प्रॉटेस्टंट मंडळ्यांचा मोठा भाग दानातून उभा राहिला, आणि तेही उपाशी माणसाला दिलेल्या दानातून. १८६०च्या दशकात अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस विलायतेच्या गिरण्यांना मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या कापसाला कधी नव्हे तो भाव आला. खामगाव, अकोला, अमरावतीच्या बाजारांत पैसा खेळला. १८६७ पर्यंत आगगाडी नागपूरपर्यंत पोहोचली. पण तीस-पस्तीस वर्षांत याच सुपीक काळ्या मातीवर माणसे भुकेने मेली. १८९६-९७चा दुष्काळ आणि त्यामागोमाग १८९९-१९००चा, ज्याला जुनी माणसे छप्पन्नचा दुष्काळ म्हणत. १८९१च्या जनगणनेत वऱ्हाडची लोकसंख्या २९ लाखांच्या जवळ होती, ती १९०१मध्ये साडेसत्तावीस लाखांवर आली. त्या दहा वर्षांत वाढायला हवी होती ती माणसे तर यात धरलेलीच नाहीत.

अकोल्याला ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम १८९०च्या दशकात आकार घेत होते. मार्कस फुलर आणि त्यांच्या पत्नी जेनी फुलर ही त्यातली आघाडीची माणसे. भारतीय स्त्रियांवर होणाऱ्या अन्यायाविषयी जेनीबाईंनी लिहिलेले इंग्रजी पुस्तक १९०० साली निघाले आणि त्याला पंडिता रमाबाईंची प्रस्तावना होती. दुष्काळात आईबाप गेलेल्या मुलांना अकोल्यात आणि मुलींना खामगावात आसरा मिळाला. या कामाला लागणारा पैसा कुठून येत होता? अलायन्सचे संस्थापक ए. बी. सिम्प्सन न्यूयॉर्कमध्ये एका चांगल्या पगाराच्या चर्चचे पाळकपण सोडून सामान्य माणसांत काम करायला बाहेर पडले होते. मेन राज्यात ओल्ड ऑर्चर्ड येथे समुद्रकाठी त्यांचे उन्हाळी मेळावे भरत. तिथे अर्पणाच्या ताटात नोटांबरोबर घड्याळे आणि दागिनेही पडत. १९०० साली न्यूयॉर्कच्या 'ख्रिश्चन हेराल्ड' या साप्ताहिकाच्या पुढाकाराने 'क्विटो' नावाची आगबोट सुमारे दोन लाख बुशेल मका घेऊन मुंबईला आली. त्या धान्यामागे अमेरिकेतल्या सामान्य शेतकऱ्यांचा आणि चर्चला जाणाऱ्या कुटुंबांचा हात होता. आपण कोणाला देतो आहोत हे त्यांना ठाऊक नव्हते आणि परतफेडीची तर त्यांनी कधी अपेक्षाच केली नाही.

या इतिहासाकडे मी आदराने पाहतो, आणि त्याचे ओझेही मला ठाऊक आहे. भाकरीसाठी धर्म घेतला, हे आपल्या आजा-पणजांना ऐकवले गेले आणि आजही ऐकवले जाते. त्याला वाद घालून उत्तर देण्यात मला रस नाही. सहा वर्षांच्या उपाशी पोराने काय घेतले आणि काय सोडले याची झाडाझडती कुणी करू नये. मला महत्त्वाची वाटते ती त्यानंतरची गोष्ट. अनाथालयात वाढलेल्या मुलाच्या नावे जमीन नव्हती, भाऊबंद नव्हते, गावात घर नव्हते. त्याला शिक्षण मिळाले, हातात कसब आले, नोकरी लागली, आणि जे लागेल ते मिशन देईल ही समजूतही त्याबरोबरच रुजली. पाळकाचा पगार मिशन देईल, देवळाचे छप्पर मिशन शाकारेल, पोराची फी मिशन भरेल. ही सवय वाईट स्वभावातून आलेली नव्हती. ज्याने जीव वाचवला त्याच्याकडेच पुन्हा पाहणे स्वाभाविक होते. तरीही दोन-तीन पिढ्यांनंतर त्याचा परिणाम असा झाला की दानाने जन्मलेल्या मंडळीला दान देण्याचा सराव उरला नाही.

हा धोका दूरदृष्टीच्या माणसांनी फार आधी ओळखला होता. अमेरिकन बोर्डाचे रूफस अँडरसन १८५४-५५मध्ये पश्चिम भारतात आले तेव्हा स्थानिक मंडळीने स्वतःचा कारभार, स्वतःचा खर्च आणि स्वतःचा प्रसार स्वतः करावा, असा आग्रह त्यांनी मिशनऱ्यांपुढे धरला. पंडिता रमाबाईंनी तर ते करून दाखवले. त्यांना मदत करण्यासाठी बोस्टनमध्ये १८८७ साली जी संस्था निघाली तिने दहा वर्षांचा शब्द दिला होता. ती मुदत संपण्याआधीच रमाबाईंनी केडगावला शंभर एकरांच्या आसपास जमीन घेतली, फळबागेचे नियोजन केले, विहिरी खणल्या. दुसऱ्याच्या मदतीची मुदत संपेल तेव्हा संस्थेचे काय, हा विचार मदत चालू असतानाच त्यांच्या मनात होता. रमाबाईंच्या या केडगावच्या मुक्तीमिशनच्या प्रार्थनेविषयी आपण पुष्कळ बोलतो. त्या प्रार्थनेच्या जोडीला जमिनीचा आणि पाण्याचा हा हिशेब होता, तो सांगायचे मात्र राहून जाते.

१९०५ साली २५ डिसेंबरला सेरामपूर येथे नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली. माणसे भारतीय, पैसा भारतीय आणि व्यवस्थाही भारतीय, हे तिचे धोरण होते. तिच्या उभारणीत पुढे असलेले व्ही. एस. अझरय्या १९१२मध्ये दोर्नाकलचे बिशप झाले, अँग्लिकन मंडळीतले पहिले भारतीय बिशप. त्यांच्या मंडळीतली बहुतेक माणसे माला आणि मादिगा या अस्पृश्य मानलेल्या जातींतली, भूमिहीन मजूर होती. गरिबाकडून काय मागायचे, असा कनवाळू विचार अझरय्यांनी कधी केला नाही. गरिबाला देण्याच्या मानापासून दूर ठेवणे हा त्याचा अपमान आहे, असे ते मानत. त्यांच्या लोकांनी धान्य दिले, कोंबड्या दिल्या, अंगमेहनत दिली. गावातल्या मंडळ्यांसाठी ख्रिस्ती दानाविषयी त्यांनी एक छोटे पुस्तकही लिहिले. आपल्याकडे कवी नारायण वामन टिळकांनी १९१७मध्ये मिशनचा पगार सोडला आणि 'देवाचा दरबार' सुरू केला. ख्रिस्त मराठी माणसाच्या घरचा व्हायचा असेल तर त्याच्या सेवकाचे पोटही मराठी माणसांच्या देण्यावर चालले पाहिजे, ही त्यांची तळमळ होती. १९१९मध्ये त्यांचे निधन झाले. दरबाराला फार दिवस मिळाले नाहीत, पण तो प्रश्न अजून उभाच आहे.

आता तर कायद्यानेच तो आपल्यापुढे आणून ठेवला आहे. परदेशी देणग्यांविषयीच्या २०१०च्या कायद्यात सप्टेंबर २०२०मध्ये दुरुस्ती झाली. परदेशी पैसा नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच घ्यायचा, आणि एका संस्थेला मिळालेला पैसा दुसऱ्या संस्थेकडे वळवायचा नाही, असे बंधन आले. मोठ्या संस्थेकडून लहान मंडळीकडे झिरपत येणारी मदत त्यामुळे थांबली. या कायद्याच्या हेतूविषयी माणसांची मते वेगवेगळी आहेत आणि ती असोत. खेड्यातल्या पाळकाच्या घरी चूल कशी पेटायची, हे मात्र आता त्याच्या मंडळीलाच ठरवावे लागणार आहे.

इथे दशांशाचा प्रश्न येतो, आणि त्यावर थोडे थांबायला हवे, कारण याच ठिकाणी आपल्या लोकांवर अन्याय होतो असे मला वाटते.

कोरडवाहू चार एकरांत पऱ्हाटी आणि तूर लावणाऱ्या कास्तकाराने दशांश कशाचा काढायचा? बाजारात मिळालेल्या सगळ्या पैशांचा, की बी, खत, फवारणी, निंदण आणि वेचणीची मजुरी वजा करून उरलेल्याचा? वजा करून काहीच उरले नाही तर? नियमशास्त्रात उत्पन्नाचा दहावा भाग सांगितला आहे हे खरे. पण तिथे पेरणीचे बी मागच्या पिकातले घरचेच होते. कंपनीच्या पाकिटातले, दरवर्षी नव्याने विकत घ्यायचे ते बी नव्हते. शिवाय त्या समाजात जमीन कायमची विकता येत नव्हती, कारण ती देवाची, आणि माणसे तिच्यावर पाहुण्यासारखी राहतात, असे लेवीयच्या पंचविसाव्या अध्यायात स्पष्ट आहे. पन्नासाव्या वर्षी गहाण पडलेले वावर मूळ घराकडे परत येत असे. पीक कापताना शेताचे कोपरे सोडायचे आणि सांडलेली कणसे उचलायची नाहीत, ती गरिबांची आणि परक्यांची, हाही त्याच नियमाचा भाग. अनुवादाच्या चौदाव्या अध्यायात तिसऱ्या वर्षीचा दशांश गावातच ठेवून लेवी, परका, अनाथ आणि विधवा यांनी पोटभर खावे, असे म्हटले आहे. या सगळ्या व्यवस्थेतून दशांशाची एकटी वीट काढून आणायची आणि ती कर्जात बुडालेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवायची, हे मला देवाच्या वचनाशी प्रामाणिक वाटत नाही.

मलाखीचा तिसरा अध्याय आपल्या व्यासपीठांवरून फार ऐकू येतो. भांडारात दशांश आणा, म्हणजे आकाशाची दारे उघडतील. त्याच मलाखीचे पहिले दोन अध्याय मात्र क्वचितच वाचले जातात. त्यांत देव याजकांना जाब विचारतो, की आंधळी-लंगडी जनावरे तुम्ही वेदीवर आणता आणि पक्षपाताने न्याय करता. लोकांच्या दशांशाचा प्रश्न तिथे याजकांच्या हिशेबानंतर आला आहे. पुदिना, शेप आणि जिऱ्याचा दशांश काटेकोरपणे देऊन न्याय, दया आणि विश्वास बाजूला टाकणाऱ्यांना येशूने काय सुनावले, हेही आपल्याला माहीत आहे.

गेल्या काही वर्षांत मोठ्या मंडपांतून एक वेगळी शिकवण आली आहे. दहा दे, देव शंभर देईल, तुझे कर्ज फिटेल. २००६च्या जुलैमध्ये पंतप्रधान विदर्भात आले आणि शेतकरी आत्महत्यांनी ग्रासलेल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची योजना जाहीर झाली. त्या सहांत अमरावती, अकोला, यवतमाळ, वाशीम आणि बुलढाणा हे वऱ्हाडचे पाचही जिल्हे होते. अशा भूमीवर उभे राहून, विषाची बाटली हाताशी असलेल्या माणसाला दानाचा परतावा सांगणे हे पाप आहे. मी हा शब्द विचार करून वापरतो आहे.

कर्जाच्या बाबतीत मंडळीने उघडायचे पुस्तक नहेम्याचे आहे. पाचव्या अध्यायात लोक आक्रोश करतात, की शेते गहाण पडली, राजाचा कर भरायला कर्ज काढले, मुले दास्यात गेली. आणि हे कर्ज देणारे परके नव्हते, आपलेच भाऊ होते. नहेम्याने सभा बोलावली, धनकोंना तोंडावर विचारले आणि शेते, द्राक्षमळे, व्याज परत करायला लावले. आपल्या मंडळ्यांत व्याजाने पैसे देणारे कुणीच नाही का? असतील तर त्यांच्या मोठ्या अर्पणाने मंडळीने खूश व्हावे का? या पुस्तिकेचा चर्चेचा जो भाग आहे त्यात हा प्रश्न टाळू नये, अशी माझी विनंती आहे. जक्कयाने अर्धी मालमत्ता गरिबांना द्यायचे ठरवले तेव्हा ज्यांना नाडले होते त्यांना चौपट परत करायचेही त्याच बैठकीत ठरवले.

मग कर्जबाजारी कास्तकाराने काहीच देऊ नये का? मी तसे म्हणणार नाही. मासेदोनियाच्या मंडळ्या अत्यंत गरिबीत असूनही यरुशलेमेतल्या भावांसाठी देण्याची संधी पौलाकडे आग्रहाने मागत होत्या. विधवेच्या दोन टोल्या प्रभूने मोजल्या. पण तिच्याकडे त्या मागायला कुणी गेले नव्हते, आणि त्याच्या आधीच्याच ओळींत प्रभू विधवांची घरे गिळणाऱ्या शास्त्र्यांविषयी बोलत होता, हे आपण विसरतो. मिझोरामच्या प्रेस्बिटेरियन बायकांनी १९१० पासून एक रीत धरली आहे. स्वयंपाकाला तांदूळ घेताना त्यातली एक मूठ बाजूला काढायची. ती जमवून विकली जाते आणि तो पैसा मंडळीच्या कामाला लागतो. त्या मुठीला कर्जाचा अडसर येत नाही, कारण ती रोजच्या जेवणातून निघते आणि ज्या दिवशी चूल पेटते त्या दिवशीच निघते. आपल्याकडे ज्वारीच्या पिठाची किंवा डाळीची मूठ अशी निघू शकते. हंगामाच्या सणाला देवळात येणारी कणसे, तुरीच्या शेंगा, कोहळी, अंडी आणि त्यांचा उपासनेनंतर होणारा लिलाव, हाही आपला जुना आणि आनंदाचा प्रकार आहे. शेतात राबणाऱ्याला पाकिटापेक्षा तो जवळचा आहे. वऱ्हाडात कापसाच्या पहिल्या वेचणीला सीतादही करतात. पहिले पीक आपले एकट्याचे नाही ही जाण या मातीत ख्रिस्ती मंडळी येण्याच्या फार आधीपासून आहे.

चांगला पगार आणि भक्कम पेन्शन असलेल्यांनी मात्र दहाव्या भागापाशी थांबून समाधान मानू नये. जॉन वेस्ली ऑक्सफर्डला असताना वर्षाला तीस पौंड मिळवत आणि अठ्ठावीसात भागवून दोन देत. पुढे उत्पन्न साठ झाले, नव्वद झाले, तरी खर्च अठ्ठावीसच राहिला आणि उरलेले सगळे गरिबांकडे गेले. यवतमाळला ज्या फ्री मेथडिस्ट मिशनऱ्यांनी काम उभारले ते याच परंपरेतले होते. त्यांच्या शाळांत शिकून जे मोठे झाले त्यांनी वेस्लीचे हे गणित एकदा स्वतःच्या पगाराला लावून पाहावे.

घरातल्या कारभाराविषयी एक गोष्ट पुरुषांनी ऐकायला हवी. लक्ष्मीबाई टिळकांची 'स्मृतिचित्रे' ज्यांनी वाचली आहेत त्यांना ठाऊक आहे, की टिळकांचे उदार मन घरातल्या पैशाला कधी टिकू देत नसे, आणि संसार चालवण्याची कसरत लक्ष्मीबाईंच्या वाट्याला येई. टिळकांचे औदार्य खरे होते यात शंका नाही. पण ते ज्या पैशातून येत होते त्यावर घरातल्या चुलीचाही हक्क होता. नवऱ्याने व्यासपीठासमोर उभे राहून मोठी रक्कम बोलून यायची आणि मग बायकोने वाण्याची उधारी लांबवायची, हे दान नेमके कुणाचे? म्हणून या पुस्तिकेत प्रत्येक प्रकरणाअखेर नवरा-बायकोने मिळून भरायचे जे पान ठेवले आहे, ते कोरे सोडू नये. घरात काय येते, काय जाते, कर्ज किती आहे, हे दोघांनाही माहीत असल्याशिवाय किती द्यायचे हे ठरवताच येत नाही. पुष्कळ घरांत कर्जाचा आकडा बायकोला सावकार दारात आल्यावर कळतो.

आता घेणाऱ्याच्या हिशेबाकडे वळतो. पौल यरुशलेमेच्या गरीब भावांसाठी गोळा झालेला पैसा स्वतः एकटा घेऊन गेला नाही. तीताबरोबर मंडळ्यांनी निवडलेली माणसे पाठवली, आणि का पाठवली हेही करिंथकरांना लिहून ठेवले: एवढ्या मोठ्या रकमेच्या बाबतीत आपल्यावर कुणी बोट ठेवू नये, देवासमोर आणि माणसांसमोरही व्यवहार चोख असावा. प्रेषिताला स्वतःवर साक्षीदार हवे होते. मग आपल्या खजिनदाराला कुणी हिशेब विचारला की त्याचा अपमान का व्हावा? प्रेषितांच्या कृत्यांच्या सहाव्या अध्यायात ग्रीक बोलणाऱ्या विधवा वाटपात वगळल्या जातात अशी कुरकूर झाली. प्रेषितांनी तिला बंडखोरी म्हटले नाही, सात माणसे नेमली, आणि त्यांची नावे पाहिली तर ती ग्रीक आहेत. ज्यांची तक्रार होती त्यांच्यातलीच माणसे वाटपावर बसवली गेली.

या बाबतीत आपल्या शेजारचाच एक माणूस मला सतत आठवतो. गाडगेबाबा १८७६ साली अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावला जन्मले, १९०५मध्ये घराबाहेर पडले आणि १९५६मध्ये अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. पंढरपूर, नाशिक, देहू, आळंदी इथे लोकांच्या पैशांतून धर्मशाळा उभ्या राहिल्या. त्यांतल्या एका खोलीवरही त्यांनी स्वतःचा किंवा नातेवाइकांचा हक्क ठेवला नाही. सगळे विश्वस्तांच्या हाती दिले. पंढरपूरची चोखामेळा धर्मशाळा तर त्यांनी डॉ. आंबेडकरांच्या शिक्षणसंस्थेकडे सोपवली. अंगावर चिंध्या, हातात खापर, आणि हातून गेलेला पैसा लाखांचा. ते ख्रिस्ती नव्हते. विश्वासू कारभारी कसा असतो हे वऱ्हाडातल्या मुलाला दाखवायचे असेल तर मी आधी त्याला शेंडगावला नेईन.

आपल्या मंडळ्यांपुढे याहून अवघड परीक्षा आहे ती जमिनीची. मिशनने शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी गावाबाहेर घेतलेले बंगले आणि मोकळी आवारे आज भरवस्तीत आली आहेत आणि त्यांची किंमत कुणाच्याही डोळ्यांत भरण्यासारखी झाली आहे. त्यावरून भांडणे होतात, दावे होतात. कागद कुठे आहे, विश्वस्त कोण, बदल-अर्ज मंजूर झाला का, धर्मादाय आयुक्तांकडे हिशेबपत्रके वेळेवर गेली का, हे प्रश्न विचारणारे तरुण मंडळीत कमी आहेत. हा कारभाराचाच विषय आहे, आणि दर रविवारच्या थैलीपेक्षा कितीतरी पट मोठ्या रकमेचा. ज्यांच्या दागिन्यांतून आणि बचतीतून ती जमीन घेतली गेली त्यांची नावेही आपल्याला माहीत नाहीत. तिच्या सातबाऱ्याचा उतारा वर्षातून एकदा मंडळीच्या सभेत वाचून दाखवायला तरी काय हरकत आहे?

आणि हा पैसा आपल्यापुरताच राहू नये. अमरावती जिल्ह्यात ख्रिस्ती माणसे शंभरात एकही भरत नाहीत. शेजाऱ्यांच्या सुखदुःखापासून वेगळे राहणे आपल्याला परवडणारे नाही आणि शोभणारेही नाही. अचलपूरजवळ कोठारा इथे लेप्रसी मिशनचे रुग्णालय आहे. ते मिशन १८७४ साली आयर्लंडमध्ये सुरू झाले तेव्हा वेलस्ली बेली आणि त्यांच्या मैत्रिणींनी वर्षाला तीस पौंड जमवायचे ठरवले होते, एवढीच त्यांची उडी होती. इकडे अमरावतीत डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभे केले. मेळघाटात पावसाळ्यात लहान मुले दगावतात तेव्हा आपल्या मंडळ्या काय देतात, हे ज्याच्या त्याच्या अंदाजपत्रकात दिसते. मला दिसलेल्या काही अंदाजपत्रकांत तरी बाहेरच्यांसाठीची ओळच नसते. ती ओळ या वर्षी घालावी, रक्कम कितीही असो.

पुस्तिकेच्या शेवटच्या प्रकरणात पुण्या-मुंबईला आणि आखाती देशांत गेलेल्या मुलांविषयी लिहिले आहे. त्यांच्याकडे महिन्याचा पगार आहे, गावच्या देवळाची ओढ आहे, आणि आता फोनवरून पैसे पाठवणेही एका क्षणाचे काम झाले आहे. देवळाच्या भिंतीवर क्यूआर कोड लावलेल्या मंडळ्याही वाढत चालल्या आहेत. हे चांगलेच आहे, फक्त तो कोड कोणाच्या खात्याचा आहे ते आधी पाहावे. पाळकाच्या किंवा खजिनदाराच्या स्वतःच्या खात्यावर मंडळीचा पैसा एक दिवसही येऊ नये, खाते मंडळीच्या नावाचे आणि सह्या किमान दोघांच्या असाव्यात. फोनवरून आलेली रक्कम थैलीतल्या नाण्यांबरोबर त्याच वहीत त्याच रविवारी लिहावी आणि महिन्याच्या पहिल्या रविवारी सगळ्यांना ऐकू जाईल अशी वाचावी. दुबईहून पाच हजार पाठवणाऱ्याला त्यातून आपला पैसा कुठे गेला ते कळेल, आणि मागच्या बाकावर बसून वाटीभर डाळ देणाऱ्या आजीचे नावही त्याच पानावर, तितक्याच मोठ्या अक्षरात असेल.